ओढ गेली, पण धूर नाही : टर्बोच्या फाटलेल्या सक्शन पाइपचे एक प्रकरण

हे प्रकरण केए-२२ (बेळगाव) पासिंगच्या एका डिझेल हॅचबॅकचे आहे. इंजिन दीड लिटरचे, चार सिलिंडरचे, साध्या म्हणजे स्थिर भूमितीच्या टर्बोचे (जळालेल्या वायूच्या जोरावर फिरून सिलिंडरमध्ये हवा दाबून भरणारे यंत्र म्हणजे टर्बो), आणि गाडीचे धावणे दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेलेले. गाडी माझ्या मावसभावाची असून तो खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला राहतो. भाजीच्या अडतीचा व्यवहार असल्यामुळे तो पहाटे चोर्ला घाट उतरून गोव्यात साखळी, डिचोली, म्हापसा या बाजूला जातो आणि संध्याकाळी तोच घाट चढून परत येतो. इंजिनावर खरा भार पडतो तो या परतीच्या चढावर, आणि गाडीतला बिघाड तिथेच प्रथम जाणवला.

तक्रार त्याने एका वाक्यात सांगितली : "अण्णा, घाटात गाडी ओढंना झालीय बघ, आणि धूर बी काय सोडंना." सपाट रस्त्यावर, बेळगाव शहरात किंवा पुणे-बेंगळूरू महामार्गावर शांतपणे चालवताना गाडीत काही वावगे वाटत नव्हते. तिसऱ्या गिअरमध्ये चढ लागला आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की मात्र पिकअप मेल्यागत होई, बॉनेटखालून हवा ओढल्याचा खरखरीत आवाज येई आणि इंजिन चेकचा दिवा कधी लागे, कधी आपोआप विझे. अॅव्हरेजही उतरले होते. या सगळ्यात निदानाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग म्हणजे वाक्याचा उत्तरार्ध, म्हणजे धूर नसणे. तो का मोलाचा, हे कळण्यासाठी हवेचा मार्ग थोडा तपशिलात पाहावा लागेल.

टर्बो असलेल्या डिझेल इंजिनात एअर फिल्टरच्या डब्यातून निघालेली हवा प्रथम हवेचे वस्तुमान मोजणाऱ्या सेन्सरमधून, म्हणजे गॅरेजच्या बोलीतील 'मॅफ'मधून जाते, तिथून घड्या असलेल्या एका जाड रबरी पाइपातून टर्बोच्या काँप्रेसरच्या तोंडाशी पोहोचते, काँप्रेसर तिला दाबतो, दाबामुळे तापलेली ती हवा इंटरकूलरमध्ये निवते आणि शेवटी इनटेक मॅनिफोल्डमार्गे सिलिंडरमध्ये शिरते. काँप्रेसरच्या अलीकडचा भाग ही शोषणाची बाजू आणि पलीकडचा भाग ही दाबाची बाजू. दोन्ही बाजूंचे पाइप रबराचे, दोन्ही क्लॅम्पने बसवलेले, आणि दोन्ही फाटले की गाडीची ओढ जाते. त्यामुळे बोलताना सगळ्यांनाच 'टर्बो पाइप' म्हटले जाते. पण फाटण्याचा परिणाम मात्र दोन्हीकडे अगदी उलटा होतो.

दाबाच्या बाजूचा पाइप फाटला तर मॅफने मोजलेली हवा वाटेतच बाहेर निसटते. इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, मोजलेल्या हवेच्या हिशेबाने डिझेल सोडतो, पण सिलिंडरमध्ये तेवढी हवा पोहोचलेली नसते. डिझेल अर्धवट जळते आणि सायलेन्सरमधून काळा धूर निघतो. शोषणाच्या बाजूचा पाइप फाटला तर मॅफला चुकवून बाहेरची हवा आत घुसते. सिलिंडरमध्ये हवा पुरेशी असते, पण ईसीयूच्या लेखी ती कमी असते, आणि धूर होऊ नये म्हणून घातलेल्या मर्यादेनुसार तो डिझेलच कमी सोडतो. डिझेल कमी म्हणजे ताकद कमी, आणि एक्झॉस्टमध्ये ऊर्जा कमी पडल्यामुळे टर्बोही मंदावतो, म्हणजे ताकद आणखी कमी. काळा धूर होण्याचा मात्र प्रश्नच येत नाही. ओढ गेली आणि धूर वाढला असेल तर आधी काँप्रेसरच्या पुढे पाहावे; ओढ गेली आणि धूर नसेल तर काँप्रेसरच्या मागे पाहावे. हा नियम शंभर टक्के चालतो असे नाही, कारण एअर फिल्टर तुंबणे, डिझेल फिल्टर चोंदणे किंवा मॅफ मळणे यांतही धुराविना ताकद जाते. पण शोध कुठून सुरू करायचा ते त्यावरून ठरते.

माझ्याकडे येण्यापूर्वी गाडी एका गॅरेजमध्ये जाऊन आली होती. तिथे स्कॅनर लावल्यावर पी०४०२ हा कोड मिळाला, ज्याचा अर्थ ईजीआरचा, म्हणजे जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा सिलिंडरकडे वळवणाऱ्या व्यवस्थेचा, प्रवाह गरजेपेक्षा जास्त. त्यानुसार ईजीआर व्हॉल्व्ह खोलून साफ करण्यात आला, तरी फरक पडला नाही. मग साबणाचे पाणी फवारून इंटरकूलरचे पाइप तपासले गेले, कुठेही फुगे दिसले नाहीत. आणि शेवटी टर्बो उतरवून ओव्हरहॉल करावा लागेल असे सांगण्यात आले. या क्रमात फिटरला नावे ठेवण्यासारखे फारसे काही नाही, कारण स्कॅनरने दाखवलेल्या दिशेनेच तो चालला होता. घोळ होता तो कोडच्या अर्थात. अशा इंजिनांत ईसीयू ईजीआरचा वायू थेट मोजत नाही. व्हॉल्व्ह उघडल्यावर ताजी हवा किती घटली यावरून तो अंदाज बांधतो. मॅफकडून येणारा आकडा कोणत्याही कारणाने कमी आला, तर घट ईजीआरमुळेच झाली असे तो समजतो आणि दोष त्या व्हॉल्व्हच्या माथी येतो. साबणाच्या पाण्याची परीक्षाही दाबाच्या बाजूलाच उपयोगी पडते. शोषणाच्या बाजूला हवा आत ओढली जात असल्यामुळे फुगे येण्याचे कारणच नाही. पाणी मुकाट्याने आत जाते.

इथे एक इशारा देणे भाग आहे. पेट्रोल इंजिनात शोषणाची गळती शोधण्यासाठी कार्ब्युरेटर क्लीनरसारखा ज्वालाग्राही फवारा पाइपांवर मारून आरपीएम बदलतो का ते पाहण्याची पद्धत आहे. डिझेल इंजिनावर ती कधीही वापरू नये. डिझेल इंजिनाला ठिणगीची गरज नसते आणि अशा गाडीत थ्रॉटलने हवा तोडून आरपीएम आवरण्याची सोयही बहुधा नसते. आत गेलेला ज्वालाग्राही वायू हे इंजिनाच्या दृष्टीने ईसीयूच्या हिशेबाबाहेरचे इंधनच असते, शिवाय शेजारी तापलेला टर्बो असतो.

टर्बो उतरवण्याचा खर्च अंगावर घेण्याआधी शंका आकड्यांत उतरवून पाहावी असे ठरवले. ओबीडी सॉकेटला, म्हणजे ईसीयूमधले आकडे वाचण्याच्या गाडीतल्या जोडाला, लावायचा ब्लूटूथ अॅडॉप्टर आणि मोबाइल एवढ्या साधनांवर हे होते. त्यामागचे गणित शाळेतलेच आहे. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत आपल्या क्षमतेएवढी हवा घेते. म्हणून दीड लिटरचे इंजिन ८०० आरपीएमला मिनिटाला ६०० लिटर, म्हणजे सेकंदाला १० लिटर, आणि २००० आरपीएमला सेकंदाला २५ लिटर हवा घेऊ शकते. सिलिंडर पूर्णपणे कधीच भरत नाही. अशा इंजिनांना ८५ ते ९० टक्के भरण धरून चालते, मी ८८ धरले. राहिली हवेची घनता. ती मॅनिफोल्डमधील दाब आणि तापमान यांवरून निघते, आणि हे दोन्ही आकडे ओबीडीवर दिसतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे इथला हवेचा दाबच मुळात ९२-९३ किलोपास्कलच्या आसपास असतो. किनारपट्टीवरच्या गाडीचे आकडे समोर ठेवून इथली गाडी तपासली तर निरोगी मॅफसुद्धा आजारी वाटेल. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली की मॅनिफोल्डचा सेन्सर स्थानिक दाब दाखवतो, आणि तो सेन्सर ठीक आहे की नाही याची परीक्षाही त्यातच होते.

पहिले मोजमाप आयडलला (अॅक्सिलरेटर न दाबता), ईजीआर बंद असताना घेतले, कारण तो उघडा असेल तर हिशेब जमत नाही. दाब साडेब्याण्णव किलोपास्कल, हवेचे तापमान ३५ अंश. या स्थितीत हवेची घनता लिटरला साधारण १.०५ ग्रॅम येते आणि सेकंदाला ९.२ ग्रॅम हवा जायला हवी. मॅफ नऊच्या आसपास दाखवत होता, म्हणजे आयडलला सगळे आलबेल. दुसरे मोजमाप चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून २००० आरपीएम ओलांडताना घेतले. (आकडे शेजारी बसलेल्याने पाहायचे, चालवणाऱ्याने रस्ता पाहायचा. घाटात हे वेगळे सांगावे लागू नये, पण लागते.) मॅनिफोल्डमध्ये दाब १६० किलोपास्कल, तापमान ४५ अंश. यावरून घनता लिटरला १.७५ ग्रॅम आणि प्रवाह सेकंदाला ३८ ते ३९ ग्रॅम निघतो. मॅफ मात्र २९ दाखवत होता.

मॅनिफोल्डमध्ये पोहोचलेल्या हवेपैकी जवळजवळ पाव हिस्सा मॅफमधून गेलेलाच नाही, असा याचा अर्थ झाला. दाबाची बाजू फुटलेली असती तर उलट मॅफचा आकडा गणितापेक्षा मोठा आला असता, कारण मोजलेली हवा वाटेत हरवली असती. मॅफ मळल्यामुळे तो कमी दाखवत असावा, ही शंका रास्त होती. पण मळलेला मॅफ सहसा आयडललाही अचूक राहत नाही, आणि इथे आयडलचा आकडा जुळत होता. म्हणजे भोक असे हवे की जे इंजिन शांत असताना मिटलेले असते आणि भार पडल्यावरच उघडते. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा निकाल इथेच लागला. पुढचे काम पाने-स्क्रूड्रायव्हरचे होते.

भार पडल्यावर काय उघडते, याचे उत्तर इंजिनाच्या हालचालीत असते. आडव्या बसवलेल्या इंजिनावर ताकद लावली की ते आपल्या माउंटिंगवर मागे, फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याकडे झुकते. फिल्टरचा डबा गाडीच्या बॉडीला घट्ट असतो, टर्बो मात्र इंजिनाबरोबर हलतो. दोहोंमधला फरक पचवण्यासाठीच पाइपाला घड्या दिलेल्या असतात. गाडी अंगणात उभी करून चारही चाकांना लाकडी ओंडके लावले, हँडब्रेक आणि ब्रेक दोन्ही दाबून धरले आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच जेमतेम पकडेल एवढाच सोडला. या वेळी गाडीच्या पुढे वा मागे कुणी उभे राहता कामा नये, आणि बॉनेटखाली डोके घालणे तर नकोच. म्हणून मोबाइलचा कॅमेरा चालू करून तो फिल्टरच्या डब्याच्या कडेला, पाइपाच्या खालच्या अंगाकडे तोंड करून बांधून ठेवला. नंतर पाहिलेल्या चित्रणात इंजिन झुकताच टर्बोलगतच्या घडीचा खालचा भाग फाकताना आणि क्लच दाबताच पुन्हा बेमालूम मिटताना स्पष्ट दिसत होता. वरून टॉर्च मारून पाहणाऱ्याला तो दिसण्याची शक्यता नव्हती. एवढेच नव्हे, चित्रणात इंजिन जितके झुकत होते ते जरुरीपेक्षा पुष्कळच जास्त होते, आणि ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची ठरली.

पाइप काढण्याचे काम गाडी रात्रभर उभी राहून थंड झाल्यावर सकाळी घेतले. डिझेल टर्बोच्या एक्झॉस्टकडच्या भागातून जाणारा वायू भारावर कित्येक शे अंश तापलेला असतो आणि ओतीव लोखंडाचे घर ती उष्णता बराच वेळ धरून ठेवते. घाईने हात घालण्याची ती जागा नव्हे. चावी काढून खिशात ठेवली. वरचे प्लॅस्टिकचे कव्हर, फिल्टरच्या डब्याचे झाकण आणि मॅफचा कनेक्टर एवढे सुटले की पाइपाचे वरचे टोक मोकळे होते. मॅफच्या आत केसाएवढ्या जाडीचा तापणारा भाग असतो. त्याला कापड, बोट किंवा गॅरेजच्या काँप्रेसरची हवा लावू नये, त्याला आहे त्या स्थितीत स्वच्छ पिशवीत गुंडाळून बाजूला ठेवावे.

पाइपाच्या मध्यावर क्रँककेसच्या ब्रीदरची, म्हणजे इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ बाहेर नेणारी नळी येऊन मिळते. तिचा प्लॅस्टिकचा जोड वर्षानुवर्षे उष्णता खाऊन ठिसूळ झालेला असतो आणि घरी काम करणाऱ्याकडून हमखास तुटतो तो हाच. त्याच्याभोवती गरम पाण्यात पिळलेले फडके थोडा वेळ गुंडाळून ठेवले आणि मग खटका दाबून जोड न ओढता, गोल फिरवत बाहेर काढला. टर्बोच्या तोंडावरचा क्लॅम्प फायरवॉलकडे वळलेला असल्याने वरून हात पोहोचत नव्हता. पुढची बाजू जॅकने उचलून घोडीवर (लोखंडी स्टँडवर) घेतली. अंगण मातीचे असल्यामुळे घोडीच्या पायांखाली जाड फळ्या टाकल्या, कारण मुरमाच्या जमिनीत घोडी एका बाजूला रुतली तर खाली झोपलेल्या माणसाला सरकायला वेळ मिळत नाही. वर्म क्लॅम्पच्या स्क्रूला पेचाच्या खाचेबरोबर ७ मिलिमीटरचे षट्कोनी डोकेही असते; त्यावर सॉकेट आणि लवचीक एक्स्टेन्शन लावल्यावर काम खालून झाले. क्लॅम्प सोडण्याआधी त्याचा स्क्रू कुठे तोंड करून आहे ते खडूने खुणावून ठेवावे, कारण नवा क्लॅम्प वेगळ्या दिशेने बसला तर तो शेजारच्या नळीला घासतो.

पाइप निघताच टर्बोचे उघडे तोंड झाकणे हे पहिले काम. त्यासाठी छोटी चिंधी वापरू नये. चिंधी आत जाते आणि विसरली जाते. मोठा, रंगीत, बाहेर लोंबणारा पंचा वापरावा. लहान टर्बोचे काँप्रेसर चाक भारावर मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरते. त्या वेगाला एखादा वॉशर किंवा धाग्याचा बोळा आत गेला तर चाकाची पाती जाग्यावर राहत नाहीत. पाइप तोंडात नसताना इंजिन एक क्षणही चालू करून पाहू नये.

काढलेला पाइप उन्हात उलटा धरून दोन्ही हातांनी ताणला तेव्हा टर्बोच्या बाजूने दुसऱ्या घडीच्या तळाशी, घेराच्या जवळजवळ अर्ध्या भागात, सहा-सात सेंटिमीटर लांबीची चीर उघडी झाली. हात सैल सोडताच ती मिटली आणि बोट फिरवूनही नीट कळेना. मग पाइप लांबीत कापून उलगडला. फिल्टरकडचा अर्धा भाग आतून तेलकट, पण स्वच्छ काळा होता. चिरेपासून टर्बोच्या दिशेने मात्र तेलाच्या त्या थरावर तांबडी धूळ चिकटून पंख्यासारखी पसरत गेली होती. चिरेशी दाट, पुढे विरळ. जांभ्या दगडाच्या मुलखातली ही धूळ खानापूर ते चोर्ला या रस्त्यावर फिरणाऱ्याला वेगळी ओळखावी लागत नाही. फिल्टरच्या नंतरच्या भागात ती सापडावी, याहून वेगळा पुरावा लागत नाही. ओढ कमी होणे ही गैरसोय आहे. पण विनाफिल्टर धूळ काँप्रेसरच्या पात्यांच्या कडा खाते आणि पुढे जाऊन पिस्टन रिंगा व सिलिंडरची भिंत झिजवते, हे खरे नुकसान. कमी पिकअप चालवून घेणारा मालक खरा खर्च पुढे ढकलत नसतो, वाढवत असतो.

काँप्रेसरचे चाक टॉर्चच्या उजेडात तपासले. पात्यांच्या पुढच्या कडा किंचित खरबरीत झाल्या होत्या, मात्र एकही तुटलेली वा वाकलेली नव्हती. चाकाचा दांडा बोटांनी बाजूला हलवल्यास थोडा हलतो, ते स्वाभाविक आहे, कारण त्याचे बेअरिंग तेलाच्या थरावर तरंगणारे असते आणि इंजिन बंद असताना तो थर नसतो. पाती घराला टेकता कामा नयेत, एवढे पाहायचे. दांडा आत-बाहेर ओढल्यास हाताला जाणवेल असे काही हलू नये. दोन्ही परीक्षांत टर्बो उत्तीर्ण झाला. पाइपात तेलाचा पातळ थर होता, साचलेले तेल नव्हते. ब्रीदरमधून येणाऱ्या वाफेमुळे असा थर जवळजवळ प्रत्येक जुन्या टर्बो डिझेलमध्ये असतो, आणि केवळ तेवढ्यावरून टर्बोचे सील गेले असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. तेच तेल रबर मऊ करून फुगवते, आणि ते तळाशी जमत असल्याने पाइप बहुधा खालून फाटतो.

तेलाने रबर मऊ झाले, हे चिरेचे एक कारण. ते फाडले कुणी, हा प्रश्न शिल्लक होता, आणि चित्रणात दिसलेले झुकणे इथे उपयोगी पडले. गाडी घोडीवर होतीच. इंजिनाला खालून धरून ठेवणाऱ्या टॉर्क रॉडच्या बुशमध्ये (रबरी जोडात) टॉमी (लोखंडी दांडी) घालून हलवले तेव्हा रबर धातूपासून सुटलेले आढळले. बुश असा सुटला की प्रत्येक गिअर बदलाला इंजिन मागे-पुढे झोकांडते आणि तो झोका शेवटी पाइपाच्या घड्यांवर येतो. ज्या गाड्यांत हा पाइप बदलल्यावर वर्षभरात पुन्हा फाटतो आणि मालक 'माल हलका मिळाला' म्हणतो, त्या गाड्यांचे बुश कुणी पाहिलेले नसतात असा माझा ठाम कयास आहे. पाइप आणि बुश एकाच वेळी बदलायचे ठरले.

पाइप कोणता घ्यावा यावर बरीच चर्चा झाली. दुकानात निळ्या-लाल रंगाचे चकचकीत सिलिकॉनचे पाइप सहज मिळतात आणि ते उष्णतेला रबरापेक्षा सरस असतात, हे खरे. परंतु साध्या सिलिकॉनला तेलाचे वावडे असते. ब्रीदरचे तेल त्यात झिरपते आणि पाइप आतून भुसभुशीत होतो. तेलाच्या संपर्कात सिलिकॉन वापरायचेच असेल तर आतून फ्लुओरोसिलिकॉनचा थर असलेला पाइप लागतो. दुसरी अडचण दाबाची आहे : दाबाच्या बाजूसाठी बनवलेला पाइप आतून फुगवणारा जोर सोसतो, पण शोषणाच्या बाजूला जोर बाहेरून असतो, आणि तारेच्या किंवा कड्यांच्या कण्याची जोड नसलेला मऊ पाइप पूर्ण भारावर चपटा होऊन टर्बोची हवाच तोडू शकतो. ब्रीदरचा फाटा आणि घड्यांची नेमकी जागा हेही तयार सिलिकॉन पाइपात जुळत नाही. म्हणून त्याच मॉडेलचा, कंपनीच्या पार्ट नंबरचा रबरी पाइप कोल्हापूरहून पार्सलने मागवला आणि त्याबरोबर दोन नवे क्लॅम्प व मॅफच्या जोडाची ओ-रिंग घेतली. जुन्या पाइपाला चिकटपट्टी गुंडाळून किंवा सायकलच्या ट्यूबचे ठिगळ लावून काही दिवस काढता येतील का, असे भावाने विचारले होते. तेल लागलेल्या रबराला काहीच धड चिकटत नाही, आणि सुटलेला तुकडा आत ओढला गेला तर त्याची किंमत टर्बोएवढी. म्हणून गाडी तोवर उभीच ठेवली.

बसवण्याचे काम काढण्यापेक्षा सोपे गेले. टर्बोचे ओठ आणि फिल्टरचा डबा धागे न सुटणाऱ्या कापडाने, धूळ आत न ढकलता बाहेर ओढत पुसून घेतले. नव्या पाइपाच्या तोंडाला आतून थोडे साबणाचे पाणी लावले. ग्रीस किंवा ऑइल लावू नये, पाइप सहज चढतो खरा, पण भारावर तसाच सहज निसटतो. पाइपावरची खूण टर्बोच्या घरावरच्या खुणेशी जुळवून तो तळाला टेकेपर्यंत दाबला, मगच क्लॅम्प आवळला. इथे ताकद दाखवण्याचे काम नाही. अशा क्लॅम्पला तीन-चार न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे स्क्रूड्रायव्हरची मूठ बोटांनी घट्ट होईल तितके. त्यापुढे आवळल्यास पट्टी रबर कापते. पंचा काढला आहे याची खात्री दोघांनी वेगवेगळी केली. बुश बदलताना इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकने वजन उचलून धरले आणि टॉर्क रॉडचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यानंतर शेवटचे आवळले, म्हणजे बुशला पीळ पडून राहत नाही. एअर फिल्टर तर नवा घातलाच.

कोड पुसून तोच चढ, तोच गिअर, तोच आरपीएम घेऊन पुन्हा मोजमाप केले. मॅनिफोल्डचा दाब आता १९० किलोपास्कलपर्यंत चढत होता, तापमान ५० अंश. गणिताने प्रवाह सेकंदाला ४५ ग्रॅम येतो आणि मॅफने ४४ दाखवले. एका ग्रॅमचा फरक भरणाच्या अंदाजात आणि ओबीडीच्या संथ नोंदीत सहज मावतो. हवा ओढल्याचा खरखरीत आवाज गेला, पी०४०२ परत आला नाही, आणि ज्या ईजीआरवर संशय होता त्याला पुन्हा हात लावावा लागला नाही. अॅव्हरेजबद्दल मी मुद्दाम काही लिहीत नाही. भाजीचे वजन रोज वेगळे, घाटातली वाहतूक रोज वेगळी, आणि त्यातून निघालेल्या आकड्यावर मी स्वतः विसंबणार नाही.

एक बाब उघडी राहते. पात्यांच्या कडा खरबरीत झाल्या आहेत त्या भरून येणार नाहीत, आणि आत गेलेल्या धुळीने रिंगांवर काय केले ते आज सांगता येत नाही. त्यासाठी इंजिन ऑइल ठरल्यापेक्षा लवकर बदलायचे, डिपस्टिकवर पातळी किती उतरते याची वही ठेवायची आणि पुढच्या सर्व्हिसला ब्रीदरमधून येणारी वाफ वाढली आहे का ते पाहायचे, असे ठरले आहे. ऊस वाहतुकीचा हंगाम लागून रस्त्यावर धूळ वाढली की फिल्टरच्या डब्यानंतरचा पाइप एकदा सोडवून आतून पांढऱ्या कापडाने पुसायचा. कापड काळे आले तर ठीक, तांबडे आले तर पुन्हा ताणून पाहायचे.